व्हाइटटेलच्या शिकारीसाठी जायचे कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम शरद ऋतूत असला, तरी परराज्यातील शिकाऱ्याला तो वसंतातच सुरू करावा लागतो, कारण काही राज्यांच्या परवान्यांचे अर्ज एप्रिल-मे महिन्यांत भरले जातात. त्यामुळे या दिवसांत येणाऱ्या पत्रांमध्ये ‘आयुष्यात एकदा जायचेच, तर कुठे जावे?’ हा प्रश्न वारंवार येतो. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी चार वर्षे न्यू जर्सीत धनुष्याने शिकार करतो आहे आणि तीन माद्या मिळवल्या आहेत. आता एकदा मोठ्या शिंगांच्या नरासाठी मध्य-पश्चिमेत जायचे आहे. आयोवा, कॅन्सस आणि इलिनॉय यांपैकी कुठे जावे? — एक वाचक, एडिसन

नराच्या शिंगांना तीन गोष्टी घडवतात : वय, आहार आणि आनुवंशिकता. मक्याची व सोयाबीनची शेते आणि नदीकाठची सुपीक माती या तिन्ही राज्यांत आहे, त्यामुळे आहाराच्या बाबतीत त्यांच्यात फारसे डावे-उजवे करता येत नाही. खरा फरक वयाचा आहे, आणि नर पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत जगतो की दीड वर्षाचा असतानाच मारला जातो, हे मुख्यतः त्या राज्याच्या नियमांवर ठरते.

आयोवाची ख्याती याच कारणामुळे आहे. दिवस लहान होऊ लागले की हरणांच्या शरीरात माजाची तयारी सुरू होते, आणि उत्तरेकडील राज्यांत त्याचा ऐन भर नोव्हेंबरच्या मध्याला येतो. त्या दिवसांत एरवी अंधारातच फिरणारा सावध नरही मादीच्या मागे भर दुपारी उघड्यावर येतो. आयोवामध्ये शॉटगनचा मुख्य हंगाम डिसेंबरमध्ये, म्हणजे माज ओसरल्यावर सुरू होतो. नर सर्वांत बेसावध असतो त्या काळात जंगलात प्रामुख्याने धनुर्धारीच असतात, आणि म्हणून बरेच नर पुढचे वर्ष पाहतात. शिवाय परराज्यातील शिकाऱ्यांसाठी नर किंवा मादी कोणतेही हरीण मारण्याची मुभा देणारे परवाने वर्षाला फक्त 6,000 आहेत. ते सोडतीने मिळतात आणि न मिळाल्यास पुढील वर्षाच्या सोडतीत प्राधान्य देणारा एक गुण जमा होतो. दक्षिण आयोवातील मागणीच्या विभागांत धनुष्याच्या परवान्यासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे.

इलिनॉयमधील पाइक काउंटीचे नाव तुम्ही ऐकले असेलच. इलिनॉय आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या मधला तो पट्टा खरोखरच उत्तम आहे. परंतु तेथील चांगल्या जमिनी बहुतांशी भाडेपट्ट्याने गेलेल्या आहेत आणि नावलौकिकाची किंमतही मोजावी लागते. विस्कॉन्सिनच्या बफेलो काउंटीचेही तसेच आहे.

माझे मत असे की तुम्ही प्रथम कॅन्ससला जावे आणि त्याच वेळी आयोवाचे गुण जमवत राहावे. कॅन्ससचा अर्ज एप्रिलमध्ये असतो आणि बहुधा एक-दोन वर्षांत परवाना हाती येतो. तेथेही रायफलचा मुख्य हंगाम माजानंतर येतो. खासगी शेतजमिनी शिकाऱ्यांना पायी जाण्यासाठी खुल्या करून देणारी सरकारी योजना तेथे दहा लाखांहून अधिक एकरांवर चालते, त्यामुळे आउटफिटरशिवाय, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करून देणाऱ्या व्यावसायिकाशिवाय जाणाऱ्यालाही वाव आहे. मुख्य म्हणजे नदीकाठची चिंचोळी झाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळे गवताळ रान अशी रचना असल्याने हरणांच्या वाटा नव्या माणसालाही नकाशावरून ओळखता येतात. मी स्वतः आयोवासाठी पाच वर्षे थांबलो आणि परवाना मिळालेल्या सात दिवसांपैकी चार दिवस वारा माझ्या मचाणावरून थेट हरणांच्या झोपण्याच्या जागेकडे वाहत होता. दुसरे मचाण बांधण्याजोगी जागा मी आधी पाहून ठेवली नव्हती, ही माझीच चूक होती. म्हणून ज्या राज्यात जाल तेथे किमान तीन निरनिराळ्या वाऱ्यांसाठी तीन जागा निश्चित करा, आणि सुट्टी पाच दिवसांची असेल तर ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्या.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. माझा धाकटा भाऊ सॅन अँटोनिओला असतो आणि दर वर्षी शिकारीला जातो. नाताळच्या सुट्टीत मी त्याच्याकडे जाणार आहे. मला त्याच्यासोबत शिकार करता येईल का? — एक वाचक, पुणे

येईल, आणि तुमची तारीखही नकळत अगदी योग्य पडली आहे. दक्षिण टेक्ससच्या झुडपी प्रदेशात माज उत्तरेपेक्षा बराच उशिरा, डिसेंबरच्या मध्यापासून पुढे येतो. बाभळीच्या जवळचे मेस्किट आणि फड्या निवडुंग यांनी भरलेले ते कोरडे रान पाहून तुम्हाला आपल्याकडील माळरानाची आठवण येईल.

कायद्याची बाजू मात्र तिकीट काढण्यापूर्वी समजून घ्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्याची मनाई आहे, आणि कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. हा नियम पर्यटक व्हिसाला जसा लागू आहे तसाच नोकरीच्या एच-1बी व्हिसालाही आहे, आणि आपल्या कितीतरी लोकांना याची कल्पनाच नसते. त्यामुळे क्रम असा ठेवा की परवाना आधी खिशात यावा आणि त्यानंतरच भावाची रायफल हातात घ्यावी, मग ती केवळ निशाण्याच्या सरावासाठी का असेना. काही शंका असल्यास तेथील वकिलाला विचारा; हरणापेक्षा व्हिसा मोलाचा आहे.

परराज्यातील व परदेशी व्यक्तीसाठी टेक्ससचा सर्वसाधारण शिकार परवाना 315 डॉलरचा आहे. पाच दिवसांचा स्वस्त परवाना पाहून मोह होतो, पण त्यावर व्हाइटटेल मारता येत नाही. तुमचा जन्म 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर झाला असेल, तर शिकारी-शिक्षणाची अटही लागू होते. जाण्यापूर्वी भावाने ती व्यवस्था पाहून ठेवावी.

टेक्ससमधील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे, म्हणून जागा ठरवणे म्हणजे तेथे जमीनमालक ठरवणे होय. त्याला पहिला प्रश्न असा विचारा की कुंपण किती उंच आहे. उंच कुंपणाच्या आत वाढवलेल्या नरांची शिंगे अवाढव्य असतात, पण मला ती शिकार वाटत नाही आणि पहिल्या अनुभवासाठी तर मुळीच नको. साध्या गुरांच्या कुंपणाची जमीन निवडा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला तेथे चकित करील. टेक्ससच्या डोंगराळ भागात 1932 मध्ये चितळ आणि काळवीट सोडले गेले, तर दक्षिणेतील किंग रँचवर त्याच सुमारास नीलगाई आणल्या गेल्या. आज ही तिन्ही जनावरे तेथे मोकळी फिरतात, आणि त्यांना व्हाइटटेलसारखा ठरावीक हंगाम नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जे जनावर मारणे गुन्हा आहे, तेच समोर उभे राहिल्यावर काय करायचे, हे मनाशी आधीच ठरवून जा. मी काळवीट आजवर मारलेले नाही. दुर्बिणीतून मात्र तासन्‌तास पाहिले आहे.

प्रश्न : मी अमेरिकी नागरिक आहे. सर्वांत मोठी हरणे कॅनडाच्या सस्कॅचेवानमध्ये आहेत असे ऐकले. हा खर्च करावा का? — एक वाचक, शिकागो

जे ऐकले त्याला आधार आहे. रूढ ठेवणीच्या शिंगांचा व्हाइटटेलचा जागतिक विक्रम, बून अँड क्रॉकेट पद्धतीने (शिंगांच्या निरनिराळ्या मापांची बेरीज करून) 213 5/8 इंच, 1993 मध्ये सस्कॅचेवानमधील बिगर गावाजवळ एका शेतकऱ्याने मारलेल्या नराच्या नावावर आहे. थंड प्रदेशात देह मोठा असतो, त्यामुळे शिंगांपेक्षाही तेथील नराचे आकारमान पाहूनच माणूस स्तब्ध होतो.

तेथे परदेशी शिकाऱ्याला परवानाधारक आउटफिटरमार्फतच जावे लागते. शिकारीची पद्धतही ठरलेली आहे : उजाडण्यापूर्वी लपणीत बसायचे, अंधार पडेपर्यंत उठायचे नाही, आणि हे सलग सहा दिवस, उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याहून खालच्या तापमानात. हरणे बहुधा आमिष टाकलेल्या जागी येतात. ज्यांना चालत, माग काढत शिकार करायची आहे त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांना एका जागी दहा तास निश्चल बसता येते आणि एकही गोळी न झाडता परतावे लागले तरी पैसे वाया गेले असे वाटणार नाही, त्यांनी जरूर जावे. रायफल नेण्यासाठी सीमेवर घोषणापत्र भरावे लागते, त्याचे शुल्क 25 कॅनडियन डॉलर आहे आणि ते 60 दिवस चालते. पिस्तूल घरीच ठेवा. अमेरिकेतून निघण्यापूर्वी कस्टम्सकडे रायफलची नोंद करून घेतलीत, तर परतताना त्रास होणार नाही.

प्रश्न : मला शिंगांच्या मापात रस नाही. जिथे दिवसभर दुसरा माणूस दिसणार नाही अशा जंगलात हरणाच्या मागावर चालायचे आहे. असे ठिकाण पूर्वेकडे उरले आहे का? — एक वाचक, बॉस्टन

तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण माझ्या स्वतःच्या मनातील ठिकाण हेच आहे. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक उद्यान 1892 मध्ये स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे 60 लाख एकर असून त्यातील जवळपास निम्मी जमीन राज्याच्या मालकीची आहे. ती कायम रान म्हणूनच राखली जाईल, असे त्या राज्याच्या घटनेतच लिहिलेले आहे. उत्तर मेनमधील लाकूडतोड कंपन्यांची अफाट जंगलेही तशीच आहेत. तेथे फाटकावर शुल्क भरून आत जाता येते, मात्र मेनमध्ये रविवारी शिकार करता येत नाही, हे सुट्टी ठरवताना लक्षात ठेवा.

या जंगलांत हरणे विरळ आहेत. पाच दिवसांत एकही दिसले नाही, असे घडू शकते. पण रात्री चार बोटे बर्फ पडलेले असावे, पहाटे रस्त्याकडेला एका जड नराचे ताजे ठसे मिळावेत, खूर किंचित फाकलेले, पावलांतील अंतर लांब, मध्येच फर किंवा सीडरच्या खोडावर शिंगे घासल्याची खूण, आणि मग तो जिकडे नेईल तिकडे दिवसभर जायचे, ही शिकार दुसऱ्या कुठल्याही प्रकाराहून मला प्रिय आहे. नर सरळ चालत असेल तोवर वेगाने चाला. ठसे नागमोडी होऊ लागले, तो कोवळे शेंडे खुडू लागला, की तो जवळच विसावणार आहे असे समजा, आणि तेथून पुढे एक पाऊल टाकून दहा वेळा पाहा. कंपास सोबत असू द्या, फोनची बॅटरी थंडीत अचानक संपते. दुपारी दोननंतर मात्र माग कितीही ताजा असला तरी मागे वळा, कारण नोव्हेंबरअखेर साडेचारलाच अंधारते. आणि गाडीपासून दोन मैलांवर हरीण पडले, तर ते दोघांनी मिळून ओढत आणावे लागते, म्हणून एकटे जाऊ नका.

प्रश्न : परराज्यातून मांस घरी आणताना हरणांच्या रोगाची काळजी घ्यावी लागते का? — एक वाचक, मिनियापोलिस

घ्यावी लागते. सीडब्ल्यूडी या नावाने ओळखला जाणारा हा मेंदूचा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि 2002 मध्ये तुमच्या शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये सापडला. तो विकृत प्रथिनामुळे होतो, त्यामुळे शिजवल्याने नाहीसा होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. बहुतेक राज्ये मेंदू व कणा असलेला देह सीमेपार नेऊ देत नाहीत. म्हणून मांस तेथेच हाडांवरून सोडवून घ्या आणि घशामागच्या लसिकाग्रंथींचा नमुना तेथील केंद्रात द्या. प्रत्येक पुडक्यावर परवान्याचा क्रमांक लिहा व निकाल येईपर्यंत ते फ्रीझरमध्ये वेगळे ठेवा.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी शाळेतल्या मैत्रिणीमुळे शिकारीकडे वळली आहे. तिची पहिली सहल अविस्मरणीय व्हावी म्हणून आम्ही तिला दूरच्या नामांकित ठिकाणी न्यावे का? — एक आई, कोलंबस

ताई, दूर नेऊ नका. तुमच्या ओहायोमध्ये नोव्हेंबरात अल्पवयीनांसाठी दोन दिवसांचा स्वतंत्र बंदूक-हंगाम असतो, ज्यात सोबतचा प्रौढ स्वतः शिकार करत नाही आणि त्याचे सारे लक्ष मुलीकडे राहते. आग्नेय ओहायोतील वेन राष्ट्रीय वनाची सुमारे 2.4 लाख एकर जमीन सर्वांना खुली आहे आणि ती तुमच्या घरापासून गाडीने काही तासांवर आहे. त्याहूनही बरे म्हणजे त्या मैत्रिणीच्या कुटुंबाला विचारा. त्यांचे ओळखीचे शेत असेल, तर पहिल्या वर्षी त्यासारखी जागा नाही.

उंच मचाण टाळा आणि जमिनीवरच्या लपणीत दोघी शेजारी बसा. पुढे कधी मचाणावर चढलीच, तर पाय जमिनीवरून उचलण्यापूर्वी सुरक्षा-पट्टा बांधलेला असला पाहिजे, कारण या छंदात पडून होणाऱ्या दुखापती फार आहेत. तिला नराची वाट पाहायला लावू नका. पन्नास यार्डांच्या आत आडवी उभी राहिलेली मादी पुरेशी आहे. आणि ऐन वेळी तिने बंदूक खाली ठेवून ‘आज नको’ असे म्हटले, तर कारण विचारू नका. थर्मासमधला चहा तिच्या हातात द्या आणि अंधार पडेपर्यंत दोघी तिथेच बसून राहा.