वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचे शोधनिबंध मोजायचे कसे?

प्रश्न : ताई, माझी मुलगी जळगावहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता एका विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात पीएच.डी. करायची म्हणते. त्यांच्या माहितीपत्रकात हजारो शोधनिबंध, शेकडो पेटंट, मोठा एच-इंडेक्स असं ठळक छापलंय. मी कापसाचा व्यापारी, आकड्यांत आयुष्य गेलं, पण हे आकडे उमगत नाहीत. काय धरून चालायचं? – एक वडील, चोपडा

उत्तर : दादा, आकडे बहुधा खरेच असतील. ते कशाचे आहेत एवढं पाहायचं. विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. प्राध्यापकांना शोधनिबंध काढून देणं आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध नोंदवणं हेच काम होतं, म्हणून खात्रीनं सांगू शकते.

शोधनिबंधांची एकूण संख्या साधारणपणे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या सूचींतून घेतात. संस्था मोठी असली की ही संख्या मोठी होणारच. ती शिक्षकांच्या संख्येनं भागून पाहा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीच्या संकेतस्थळावर भाग घेणाऱ्या संस्थांची माहिती उघडी असते. विषयही बघा. रसायनशास्त्रात निबंध भराभर येतात आणि एकमेकांचे संदर्भही भरपूर दिले जातात, गणितात तसं होत नाही. त्यामुळे गणिताचा विभाग कागदावर दुबळा दिसतो, प्रत्यक्षात तो उत्तम असू शकतो.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली सुचवला, तो एकेका शास्त्रज्ञासाठी. एखाद्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 वेळा संदर्भ मिळाला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स 20. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी कमी होत नाही. अख्ख्या विद्यापीठाचा एच-इंडेक्स बराचसा त्याच्या वयावर आणि आकारावर ठरतो. तुमच्या मुलीचं मार्गदर्शन कोण करणार, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

पेटंटच्या आकड्याबाबत मात्र मी तुम्हाला सावध करते. आपल्याकडे पेटंटचा अर्ज दाखल झाला की साधारण 18 महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो, लवकर प्रकाशित करून घेण्याचीही सोय आहे. प्रकाशित होणं म्हणजे मंजूर होणं नव्हे. मंजुरीसाठी वेगळी तपासणी लागते. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत आहे, म्हणून अर्ज करणं स्वस्त झालंय. माहितीपत्रकात ‘शेकडो पेटंट’ असं लिहिलं असेल, तर त्यांतली मंजूर किती, असा थेट प्रश्न विचारा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकून घरबसल्याही पाहता येतं.

तुम्ही कापूस घेताना नुसत्या वजनावर सौदा करत नसाल. धाग्याची लांबी, ओलावा पाहता. इथंही तसंच करा, आणि विद्यापीठ बाजूला ठेवून थेट मार्गदर्शक पाहा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध काढायला मुलीला सांगा. त्यांत पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का? रसायनशास्त्रात हात ज्याचे झिजले त्याचं नाव बहुधा पहिलं असतं. मग गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं मोफत वाचायला मिळतात. मार्गदर्शकाच्या नावानं शोधलं की त्यांच्या हाताखाली कोणी, कोणत्या साली, कशावर काम केलं ते समोर येतं. एक प्रबंध तिनं पूर्ण वाचावा. विषयात रस वाटला नाही, तर पुढची चार-पाच वर्षं तिला फार जड जातील, हे मी ग्रंथालयात बसलेल्या कितीतरी मुलींच्या चेहऱ्यावर वाचलंय. दादा, हे पाऊल कृपा करून गाळू नका.

शक्य झालं तर बापलेक तिथं जाऊन या. सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांशी मुलीला एकटीला बोलू द्या. रेणूंची रचना तपासणारं एनएमआर यंत्र चालू आहे का, की नमुने बाहेरगावी पाठवावे लागतात? शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला मिळते का? आधीच्या मुलामुलींना पदवी मिळायला किती वर्षं लागली? माहितीपत्रक या गोष्टी सांगत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात नव्यानंच शिकवायला लागलोय. पाच दिवसांत छापून देऊ, अडीच हजार रुपये भरा, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, अशी नियतकालिकांची पत्रं रोज ई-मेलवर येतात. पदोन्नतीसाठी निबंध लागतातच. पाठवू का? – एक प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : सर, पाठवू नका. दोन-तीन तज्ज्ञांनी निबंध वाचून, शंका काढून परत पाठवायचा आणि तुम्ही तो दुरुस्त करायचा, हे पाच दिवसांत प्रामाणिकपणे होत नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना चालू वर्षात मिळालेल्या संदर्भांवरून काढतात आणि तो ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ या वार्षिक अहवालात मिळतो. नुसत्या जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे पारख आता तुमच्या आणि तुमच्या महाविद्यालयाच्या हाती आहे.

परदेशी नाव हवंच, हाही आग्रह नको. सी. व्ही. रामन यांचा ‘नवे किरण’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध 1928 साली कोलकात्याच्या इंडियन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये छापला गेला आणि दोन वर्षांत नोबेल आलं. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिकं पाहा. तिथं निबंध नाकारला गेला तरी बहुधा शेरे मिळतात, त्या शेऱ्यांतून माणूस शिकतो.

प्रश्न : आमच्या मृगबागेत (मृगात लावलेल्या केळीत) हरण्या रोग येतो, खोडंच्या खोडं उपटून फेकावी लागतात. विद्यापीठवाले येऊन पानं नेतात, पुढं काय होतं ते कळत नाही. त्यांचा पेपर मला वाचायला मिळेल का? – एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पान तुमच्या शेतातलं, नुकसान तुमचं, तर निष्कर्ष तुमच्यापर्यंत यायलाच हवा. आपल्या संशोधनाची ही उणीव मला मनापासून सलते. पेपरांच्या मोजणीत शेतकऱ्याला दिलेल्या मराठी टिपणाला फारसं वजन नसतं, म्हणून ते लिहिलं जात नाही.

यापुढं कोणी नमुने न्यायला आलं, तर नाव, विभाग आणि ई-मेल लिहून घ्या आणि निकाल मराठीत एका पानावर द्या, असं तिथंच सांगा. पेपर छापून आला असेल, तर त्यावर एका लेखकाच्या नावापुढं ताऱ्याची खूण (*) असते आणि खाली त्याचा ई-मेल. घरातल्या शिकलेल्या पोराकडून दोन ओळी लिहून प्रत मागा, पुष्कळ शास्त्रज्ञ आनंदानं पाठवतात. सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत 2025 पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटून विचारा, सांगायला आम्हाला आवडतं.

हरण्याबद्दल शास्त्रज्ञांच्या कामातून जे पक्कं झालंय ते असं : हा कुकुंबर मोझॅक विषाणू, तो मावा या किडीमार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, कित्येक तणं यांवरही राहतो. त्यामुळे बागेत किंवा बांधाला काकडी, भोपळा लावू नका, तण ठेवू नका. रोगट झाड दिसताच मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करा, उपटून बांधावर टाकू नका. टिश्यूकल्चरची रोपं घेताना विषाणू तपासणीचा दाखला मागा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं त्यासाठी 2006 पासून प्रमाणीकरणाची पद्धत चालवली आहे. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पानांचे फोटो आणि लागवडीची तारीख घेऊन जा, आणि ज्यांनी तुमची पानं नेली त्यांचं नाव कळलं तर मला कळवा, त्यांचा पेपर मी शोधून पाठवते.