मॅडम, केमिस्ट्री डोक्यातच शिरत नाही

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे एक ठरावीक रांग लागते. एफवायबीएस्सीचं पहिलं सत्र नुकतंच संपलेलं असतं. मुलं येतात, कधी एकटी, बहुतेकदा आईबरोबर, आणि वाक्य शब्दशः तेच असतं. "बाकीचे विषय जमतात, केमिस्ट्री डोक्यातच शिरत नाही." आई लगेच पुस्ती जोडते, "आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच देते हो ही." नाशिकमध्ये वीसेक वर्षं समुपदेशनाचं काम करतेय. याचं उत्तर तोंडी इतक्या वेळा दिलंय, की आता एकदा लिहूनच टाकते.

तिला आपण प्राजक्ता म्हणू. नाव बदललं आहे, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन मुलींच्या गोष्टी तिच्यात मिसळल्या आहेत. द्राक्षबागा असलेल्या गावातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी इंग्रजीतून, आता शहरात हॉस्टेल. केमिस्ट्रीत एटीकेटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला, पण वर्ष चालू. घरी मात्र "लागली एकदाची परीक्षा मार्गी" एवढंच कळवलेलं.

पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, "रोज किती वेळ बसतेस केमिस्ट्रीला?"

"तीन तास."

"त्या तीन तासांत काय करतेस?"

"वाचते. मग परत वाचते. हायलाइट करते. सोडवलेली गणितं बघते." थोडं थांबून म्हणाली, "बघताना सगळं कळतं, मॅडम. पेपरात हातच चालत नाही."

"कुठे अडतेस?"

"सगळीकडे."

"सगळीकडे कुणीच अडत नाही. पहिल्यांदा कुठे अडतेस?"

ती बराच वेळ गप्प होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "समीकरणं. मोल. पण ते तर नववी-दहावीतलं आहे. एफवायला आल्यावर ते यायलाच पाहिजे ना? आता कुणाला विचारणार? सर म्हणतील, ही इथवर आली कशी?"

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची आहे. १९५५ पासून हा माणूस सांगत राहिला की प्रसंग आपल्याला जेवढा छळतो, त्याहून जास्त छळतो तो आपण त्यावर लादलेला आग्रह. मराठीत हा आग्रह ओळखणं फार सोपं आहे, कारण तो बहुधा एका अक्षरात मावतो. तिला विचारलं, "'यायला हवं होतं' आणि 'यायलाच हवं होतं', यात फरक वाटतो का?"

"'च'चा?"

"हो. त्या 'च'नं तुझं काय केलं?"

तिला सांगता आलं नाही. मग मीच म्हटलं, "'च' आला की नववीचं पुस्तक उघडता येत नाही." हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं होतं. तेव्हापासून ते मी बऱ्याच मुलांना ऐकवलं आहे आणि दर वेळी समोरचा चेहरा तसाच, पकडला गेल्यासारखा होतो.

माझ्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडायचं नाही, असा माझाच नियम आहे. शिकवणं हे शिक्षकांचं काम. त्यात मी लुडबुड करत नाही. प्राजक्ताच्या बाबतीत दुसऱ्याच भेटीत तो मोडला. मी कागद-पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हटलं, "माझी केमिस्ट्री बारावीची, तीही तुझ्या जन्माआधीची. मला शिकव. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा काय होतं?"

सिलिंडरमधल्या गॅसमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्युटेन असतात. तिने ब्युटेन घेतला. डावीकडे सी-फोर-एच-टेन आणि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हे तिने झरझर लिहिलं. मग मोजणी सुरू झाली. कार्बन ४, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या पुढे ४. हायड्रोजन १०, म्हणून पाण्याच्या पुढे ५. आता उजवीकडचे ऑक्सिजन मोजले: ८ आणि ५, म्हणजे १३. डावीकडे तर ऑक्सिजन जोडीनेच येतो. १३ची जोडी लागेना.

पेन्सिल थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि मग पाण्यातल्या ओच्या पायाशी हळूच एक बारीकसा २ लिहिला. आता उजवीकडे ८ आणि १०, एकूण १८. डावीकडे ९ जोड्या. सगळं तंतोतंत जुळलं. तिने शेजारी बरोबरची खूणही केली.

"झालं?"

"झालं."

"मग जळल्यावर शेवटी काय तयार झालं?"

"पाणी."

"लिहिलंयस ते वाच ना."

"एच-टू-ओ..." आणि ती अडखळली. "टू."

मी म्हटलं, "आमच्या घरी औषधाच्या डब्यात एक बाटली असायची. गुडघा फुटला की आई त्यातलं ओतायची आणि पांढरा फेस यायचा."

"हायड्रोजन पेरॉक्साइड." ती कागदाकडे बघत राहिली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. अशा शांततेत बोलण्याचा मोह फार होतो. नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते, तिथे जीभ दातांखाली धरा. मी धरली. मिनिटभराने ती म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी शेगडीतून पेरॉक्साइड काढलं?"

आणि आम्ही दोघीही मोठ्याने हसलो. ती माझ्यासमोर पहिल्यांदाच हसली होती. हसू ओसरल्यावर तिने जे म्हटलं ते मी त्या संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं: "मी आत्तापर्यंत नुसते आकडे जुळवत होते. तिथे काही घडतंय, असं वाटलंच नाही कधी."

वर्गात कुणी तपासलं असतं तर लाल फुली पडली असती आणि पुढचं गणित सुरू झालं असतं. तिची आकडेमोड मुळीच चुकली नव्हती. बेरीज बरोबर होती, फक्त तिने पाण्याचं पाणीपण काढून घेतलं होतं. पायाशी लिहिलेला बारीक आकडा हा त्या पदार्थाच्या ओळखीचा भाग, आणि पुढे लिहिलेला मोठा आकडा म्हणजे तो पदार्थ किती. पंगतीत पाहुणे वाढले तर ताटं वाढवायची, वरणाचं ताक करायचं नाही. इतकी वर्षं हा फरक तिला कुणी सांगितला नव्हता असं नाही. सांगितला होता, पण तो नियम म्हणून. नियम घाईत मोडता येतो. शेगडीतून निघणारं पेरॉक्साइड मात्र विसरता येत नाही.

दुरुस्ती तिने स्वतःच केली. "अर्धी जोडी घेता येत नाही... मग सगळंच दुप्पट करायचं!" २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. दोन्हीकडे ऑक्सिजनचे २६ अणू.

तरीही जाताना ती म्हणालीच, "इतकं साधं मला कळलं नाही." 'च' गेला होता, पण चिवट असतो तो, मागच्या दाराने येतो. तेव्हा मी तिला एका प्राध्यापक मैत्रिणीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. अणुसिद्धांत मांडणारा डाल्टन स्वतः पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरत असे. अ‍ॅव्होगाड्रोने १८११ साली अशी सूत्रं नीट ठरवायची वाट दाखवली, पण फारसं कुणी ऐकलं नाही, आणि १८५६ साली तो वारला. नेमक्या याच गोंधळावर बोलायला १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरुह गावी युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे कॅनिझारोने अ‍ॅव्होगाड्रोचं म्हणणं पुन्हा समोर ठेवलं, तेव्हा कुठे चक्र फिरायला लागलं. त्या काळी एका व्हिनेगरच्या आम्लाची १९ वेगवेगळी सूत्रं प्रचारात होती. केकुलेने ती आपल्या पुस्तकात मांडून ठेवली आहेत. "पायातल्या आकड्यांवरून त्या लोकांचं पन्नास वर्षं भांडण चाललं होतं. तुला चार महिने लागले."

पुढच्या भेटीला तिने पिशवीतून नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. "रूममेटला दिसू नये म्हणून," ती ओशाळून म्हणाली. मला ते कव्हर फार बोलकं वाटलं. आमच्याकडे लाज अशीच येते, नीट घडी घालून.

त्या पुस्तकाने एक गंमत केली. 'व्हॅलन्सी' म्हटलं की गोठणाऱ्या या मुलीला 'संयुजा' तोंडपाठ होती. सोडियमची एक, कॅल्शियमची दोन, अ‍ॅल्युमिनियमची तीन, धडाधड. पीएचला बिचकणारी ती, सामूबद्दल विचारलं तर आम्ल आणि आम्लारी नीट समजावून सांगत होती. अकरावीत माध्यम बदललं तेव्हा तिने आधीचं सगळं ज्ञान दप्तरासकट गावी ठेवून दिलं होतं. मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलांच्या बाबतीत मी हे पाहिलंय! माझा त्यांना आग्रह असतो (विनंती म्हणा, एलिस रागावतील) की वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे इंग्रजी. पेपर इंग्रजीत लिहा, पण समजून मराठीत घ्या.

मग लिमिटिंग रिएजंटवर, म्हणजे अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो त्यावर, गाडी आली. व्याख्या पाठ होती, अर्थ शून्य. बोर्डो म्हणजे बुरशी लागू नये म्हणून बागेवर फवारायचं मिश्रण. मी सहज विचारलं, "बाबा बागेवर बोर्डो मारतात का?"

"मारतात की. पावसाळ्यात मीच कालवून देते. १०० लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवायचं, मग एकत्र करायचं."

"बरोबर झालंय, हे कसं कळतं?"

"विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस चढलं की अजून चुन्याची निवळी टाकायची, नाहीतर पानं जळतात."

"तांबूस कशामुळे?"

"तांबं. मोरचुदातलं." आणि तिचे डोळे मोठे झाले. "शिल्लक राहिलेलं! म्हणजे चुना आधी संपला. मॅडम, चुना लिमिटिंग आहे!"

मी काही शिकवलं नव्हतं. लहानपणापासून ती ज्या ड्रमापाशी उभी होती, तिथे तिला पुन्हा उभं केलं, एवढंच.

आता ज्यांच्या घरी अशी प्राजक्ता किंवा प्रसाद आहे, त्यांच्यासाठी थोडं. तास मोजू नका. "किती वेळ बसलास?" याऐवजी "आज पुस्तक मिटून काय लिहिलंस?" असं विचारा. वाचताना कळतं आणि पेपरात सुचत नाही, यात बुद्धीचा दोष नसतो. वाचताना उत्तर समोर असतं, म्हणून ते आपलंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. एका गटाने उतारा चार सत्रं फक्त वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आमची मुलं पाच मिनिटांनंतरच्या त्या खुशीवर फसतात.

म्हणून सोडवलेलं गणित बघायचं असेल तर उत्तरावर कागद ठेवा आणि एकेक ओळ खाली सरकवा. पुढची ओळ आधी आपण लिहायची, मग ताडून पाहायची. आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, ग्रॅम आणि मोलची (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) गल्लत तिथेच पकडली जाते. आणि एखादी कल्पना हवेत राहते आहे असं वाटलं तर हात लावता येईल असं काहीतरी शोधा. प्राजक्ताने एक मोल पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, खोकल्याच्या औषधाच्या दहा मिलीच्या झाकणाने मोजलं. दोन झाकणंही पुरती भरली नाहीत. त्यात रेणू किती, तर ६०२२ लिहून पुढे २० शून्यं. हॉस्टेलच्या भिंतीवर तिने तो आकडा खडूने लिहिला आणि रेक्टरबाईंची बोलणी खाल्ली.

शिक्षकांकडे "काहीच कळत नाही" असं घेऊन जाऊ नका, त्याला कुणाकडेच उत्तर नसतं. एक ओळ घेऊन जा: "इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही." रागावणारे शिक्षकही अशा प्रश्नाला सहसा नीट उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. विषय सोडावा का, असंही विचारतात. सोडावा, नाही आवडला तर. त्यात नामुष्की काही नाही. फक्त तो निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. आणि झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्याबद्दलच मूल निराशेचं बोलत असेल, तर तो प्रश्न केमिस्ट्रीचा राहिलेला नसतो. तेव्हा अभ्यासाचं बोलणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या.

प्राजक्ताची एटीकेटी पुढच्या परीक्षेत सुटली. मार्क काही डोळे दिपवणारे नव्हते, ५०च्या आसपास. पण ते कळवायला तिने फोन केला नव्हताच. गावी जाऊन तिने वडिलांना आधी एटीकेटीचं खरं सांगितलं होतं, आणि मग ड्रमापाशी बसवून विळ्याचा सगळा खुलासा केला होता: लोखंड, तांबं, कोण आधी संपतं, का संपतं. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणे.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, विळा लाल झाला की चुना टाकायचा, हे मी तुला चौथीत सांगितलं होतं. एवढ्यासाठी हॉस्टेलची फी भरतोय का?"