नाव नोंदवलं, फोन आला आणि आई म्हणाली, ‘नाही’

‘मॅडम, नाव नोंदवताना काही वाटलं नाही. आता फोन आलाय आणि घरचे नको म्हणतायत. काय करू?’

बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं. तो ब्लड कॅन्सरसारख्या आजाराच्या पेशंटला देण्यासाठी डोनर म्हणून नोंदणी केलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. नोंदणी होते कॉलेजच्या नाहीतर कंपनीच्या शिबिरात. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, फॉर्म भरायचा, सही करायची, की झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच घडत नाही. आपण असं काही केलंय हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही. आणि एक दिवस ऑफिसात डबा उघडत असताना फोन वाजतो: तुमचा नमुना एका पेशंटशी जुळतोय असं दिसतंय, पुढे यायची तयारी आहे का?

ऋतुजाच्या घरची गोष्ट सांगते, कारण तिथे लोकांना पडणाऱ्या जवळजवळ सगळ्या शंका एकदमच निघाल्या. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

ऋतुजा पंचवीस वर्षांची, भांडुपला राहणारी, अंधेरीला एका सीएच्या ऑफिसात नोकरी. फोनवर तिने लगेच हो म्हटलं होतं. रात्री घरी सांगितलं आणि जेवणं राहिली बाजूला. आई म्हणाली, ‘मणक्यात सुई घालून घेणार? माझे हाल दिसत नाहीत तुला?’ बाबा गप्प. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आत्याचा फोन, की आता स्थळं बघायचे दिवस, त्यात हे काय नसतं खूळ! त्यानंतर रजिस्ट्रीचे, म्हणजे डोनरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, फोन आले ते ऋतुजाने उचललेच नाहीत. माझ्याकडे आली ती ‘तुम्ही आईला पटवून द्या’ असं म्हणत.

पटवून देणं माझं काम नाही, हे मी तिला आधीच सांगितलं. माहिती पुरती द्यायची आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा. मग विचारलं, ‘आईचं राहू दे, तुझं काय?’ ती घुटमळली. ‘दुखतं का हो फार?’ म्हणाली. म्हणजे भीती तिलाही होती, फक्त ती आईच्या नावावर खपून जात होती. हे मी पुष्कळदा बघते. घरचे नको म्हणतात हे खरंच असतं, पण कधीकधी ते सोयीचंही असतं.

शनिवारी तिघंही आले. आईंना मी विचारलं, ‘मणक्याचं तुम्ही म्हणालात, तुम्हाला कधी टोचलं होतं का?’ त्या खुर्चीतच वळल्या, पदर बाजूला केला आणि कमरेच्या जरा वर, बरोबर मधोमध बोट ठेवलं. ‘इथे. हिच्याच वेळेला. सीझर झालं ना माझं. तेव्हापासून खाली बसले की उठताना कळ येते. लोकलमध्ये उभं राहवत नाही.’ ती दुखी भुलीच्या त्या इंजेक्शनचीच की आणखी कशाची, हा वाद मी घातला नाही. डॉक्टर सहसा ‘नाही’ म्हणतात, पण पंचवीस वर्षं दुखणाऱ्या कमरेला ते ऐकवून काय उपयोग? मी त्यांना एवढंच सांगितलं, की तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथे डोनरला कुणी हात लावत नाही. मणक्यातून काहीच काढत नाहीत, मज्जारज्जूशी याचा संबंधच येत नाही.

हाडातून मगज काढायचाच झाला तर तो मागच्या बाजूने, कमरेखालच्या रुंद हाडातून काढतात. मी उभी राहून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अंगठ्यांच्या खालचं हाड दाखवलं. आईंनीही बसल्या बसल्या स्वतःचं चाचपलं. हे काम पूर्ण भूल देऊन होतं, त्यामुळे त्या वेळी कळत नाही. नंतर काही दिवस बसता-उठताना ठणकतं, मुका मार लागल्यासारखं वाटतं. काढलेला मगज शरीर काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं.

पण आता बहुतेक डोनरच्या बाबतीत हाडापर्यंत जायची वेळच येत नाही. बोन मॅरो हे नाव तेवढं टिकून राहिलंय. चार-पाच दिवस रोज कातडीखाली एक इंजेक्शन देतात, डॉक्टर त्याला जी-सीएसएफ म्हणतात. त्याने मगजातल्या मूळ पेशी, ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या, वाढून रक्तात उतरतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन त्या पेशी बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. तीन-चार तास, कधी थोडे जास्त. पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं.

इथे इतका वेळ गप्प असलेले बाबा बोलले. ‘म्हणजे प्लेटलेट्स देतात तसंच की. मी दिल्यात, आमच्या खात्यातल्या एकाला डेंग्यू झाला होता तेव्हा.’ मुंबईत पावसाळा संपता संपता प्लेटलेट्ससाठी धावाधाव केली नाही असं घर विरळाच. मशीन साधारण त्याच जातीचं. आईंनी नवऱ्याकडे असं बघितलं, की हे त्यांना आजच कळत असावं!

‘काहीच त्रास होत नाही’ असं मी कुणालाही सांगत नाही. त्या इंजेक्शनांनी अंग दुखतं, हाडं आणि डोकं दुखतं, ताप आल्यासारखं होतं. डोनेशन झालं की एक-दोन दिवसांत ते ओसरतं. मशीनवर असताना ओठांभोवती मुंग्या येतात, त्यावर कॅल्शियम देतात. पाणथरी सुजण्यासारखे गंभीर प्रकार फार क्वचित होतात, पण होतात. म्हणूनच आधी डोनरची पूर्ण तपासणी होते आणि काही शंकास्पद निघालं तर डॉक्टरच त्याला थांबवतात. यातलं काहीही लपवून मिळवलेला होकार मला नको असतो. तो ऐन वेळी मोडतो.

मूल होण्याचा प्रश्न आईंनी ऋतुजाला पाणी आणायला पाठवून विचारला. पाळी, गर्भाशय, बीजं यांना या सगळ्यात कुठेच धक्का लागत नाही. डोनर गरोदर असेल तर तिला त्या काळापुरतं बाजूला ठेवतात, एवढंच. आत्याबाईंच्या स्थळांबद्दल मात्र माझं मत मी स्पष्ट सांगितलं. कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून मुलीने चार दिवस रजा काढली, हे ज्या घराला खटकतं, ते स्थळ गेलेलंच बरं.

बाबांची शंका वेगळीच होती. ‘उद्या आमच्याच घरात कुणाला लागलं तर? हिने तर आधीच देऊन टाकलेलं असणार.’ ही शंका पुरुष नेहमी काढतात. मूळ पेशी भरून येतात, त्यामुळे पुढे घरच्यांना द्यायची वेळ आली तर एकदा देऊन झालंय म्हणून दार बंद होत नाही. आणि घरचं माणूस जुळेलच असंही नाही. पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ब्लड ग्रुपचा इथे अडसर नसतो, तो वेगळा असला तरी चालतो. देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलला झालं, तेव्हा एका लहान मुलीला तिच्या भावाचा मगज जुळला होता. आता घरात एक नाहीतर दोन मुलं. ज्यांना घरात मिळत नाही, त्यांना रजिस्ट्रीतल्या अनोळखी माणसाकडे बघावं लागतं, आणि जुळण्याची शक्यता आपल्याच मुलखाच्या, आपल्याच समाजाच्या माणसाशी जास्त असते. जगभरच्या रजिस्ट्रीत मिळून ४ कोटींहून जास्त नावं आहेत. भारतातली काही लाख.

टाटाचं नाव निघालं तसे बाबा म्हणाले, की त्यांची बस रोज तिथूनच जाते, फुटपाथवर फायली घेऊन बसलेली माणसं दिसतात. त्यापुढे काही बोलले नाहीत. मीही तो धागा ओढला नाही. कुणाच्या कणवेवर होकार काढणं मला पटत नाही.

शेवटी मी ऋतुजाशी एकटीशी बोलले आणि जे सांगायला सगळ्यात जास्त वेळ घेते, ते सांगितलं. रजिस्ट्रीत नाव असणं म्हणजे बांधील असणं नव्हे. पहिल्या फोनला नाही म्हणता येतं, पक्क्या जुळणीसाठी रक्त दिल्यावर येतं, तपासणीनंतरही येतं. कुणी जबरदस्ती करू शकत नाही, कारणही द्यावं लागत नाही. पण एक टप्पा असा आहे, की त्यानंतरचा नकार वेगळा. ट्रान्सप्लांटच्या आधी पेशंटला जबर केमो देतात, कधी रेडिएशनही, आणि त्याचा स्वतःचा मगज मुद्दाम संपवतात. ते सुरू झाल्यावर डोनर मागे फिरला तर त्या माणसाकडे रक्त बनवायला काहीच उरत नाही. मग वाचणं कठीण. कायद्याने तुला तेव्हाही कुणी अडवणार नाही, म्हटलं, पण नाही म्हणायचं असेल तर आज म्हण, म्हणजे डॉक्टर आजच दुसरा डोनर शोधायला लागतील.

‘मी तर फोनच उचलले नाहीत,’ ती म्हणाली.

तेच तर! स्पष्ट नकाराने पेशंटचा वेळ वाचतो, न उचललेल्या फोनने जातो. माझा राग नकारावर कधीच नसतो, या लपाछपीवर असतो. तिकडे कुणीतरी हिशेब करत बसलेलं असतं, की हे नाव धरायचं की सोडायचं.

तिने दोन दिवस मागितले. सोमवारी स्वतःहून रजिस्ट्रीला फोन केला आणि पुढच्या तपासणीला हो म्हणाली. आईंनी मला निरोप पाठवला: ‘मी हो म्हटलेलं नाही, पण आडवीही येणार नाही.’ मला तेवढं पुरेसं वाटलं. प्रत्येक घरातून टाळ्या वाजल्या पाहिजेत असं थोडंच आहे? खर्चाचंही आईंनी विचारून घेतलं. डोनरला एक पैसा लागत नाही, तपासण्या, प्रवास, हॉस्पिटल सगळं परस्पर होतं, आणि दिल्याबद्दल पैसे मिळतही नाहीत.

घरी माणूस आला, रक्ताच्या नळ्या भरून घेऊन गेला. काही आठवड्यांनी रजिस्ट्रीने कळवलं, की सध्या पुढे जायचं नाहीये. कारण सांगितलं नाही. असं होतं. कधी जास्त चांगला जुळणारा डोनर मिळतो, कधी डॉक्टर उपचारांची दिशा बदलतात, कधी पेशंटच राहत नाही. पेशंटचं नाव-गाव डोनरला कळू देत नाहीत, त्यामुळे विचारणार कुणाला?

ऋतुजाला हे जड गेलं, आणि याची तयारी कुणी करून देत नाही. देण्याची भीती सगळे विचारतात, द्यायला न मिळाल्याचं वाईट वाटेल हे कुणी धरूनच चाललेलं नसतं. दिवसभर ती विचार करायची, की मी फोन न उचललेल्या त्या दिवसांमुळे तर नाही? नसेलच, असं सांगायला माझ्याकडेही आधार नव्हता, आणि खोटा दिलासा मी दिला नाही. कारण कळणार नाही हे धरूनच चालावं लागतं, आणि ते कठीण आहे, एवढंच म्हटलं. आईंनी तर मलाच फोन केला, जरा चिडूनच: ‘अहो ताई, एवढं रक्त घेऊन गेले, निदान त्या पोराचं बरं आहे की नाही एवढं तरी सांगावं ना!’ पेशंट पोर आहे की म्हातारा, बाई आहे की पुरुष, यातलं काहीच आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी मनाशी पोर ठरवून टाकलं होतं.

नाव तिचं अजून रजिस्ट्रीत आहे, साठीपर्यंत राहू शकतं. परवा ती दुसऱ्याच कामाने आली होती, नोकरी बदलून ठाण्याला गेलीय. कंपनीने नवा नंबर दिलाय, जुना बंद केलाय, असं बोलता बोलता म्हणाली. मी विचारलं, रजिस्ट्रीला नवा नंबर कळवलास का? नव्हता कळवला. तिथेच बसून तिने ईमेल टाकला.