आयपॅडओएस २६ आणि मॅकओएस टाहो टाकल्यावर पहिलं मत काय झालं? आता लॅपटॉपऐवजी नुसता आयपॅड चालेल का?

मॅकचं आधी उरकून टाकते. टाहो (मॅकओएस २६) म्हणजे निम्म्याहून जास्त रंगरंगोटी. 'लिक्विड ग्लास' नावाची काच सगळीकडे बसवलीय, वरची मेनूपट्टी पारदर्शक झालीय, खिडक्यांचे कोपरे नको तितके गोल. सगळी ॲप एका पडद्यावर मांडणारं लाँचपॅड गेलं. कामाची म्हणावी अशी एकच गोष्ट मला सापडली: स्पॉटलाइटमध्ये, म्हणजे मॅकच्या शोधपट्टीत, आता आधी कॉपी केलेला मजकूर परत मिळतो. कमांड-स्पेस, मग कमांड-४. दिवसभर करेक्शनं चिकटवणाऱ्याला याची किंमत कळेल, बाकीच्यांनी चार महिने थांबलं तरी काही अडत नाही. "मग सुरक्षेचं काय?" असं विचारणारे येतीलच. टाहो आलं त्याच दिवशी, १५ सप्टेंबर २०२५ला, ॲपलने आधीच्या आवृत्तीसाठी, सिक्वोयासाठीही, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह १५.७ काढलं होतं. तेवढं पुरे.

आयपॅडचं वेगळं आहे. आणि प्रश्नातलं ते 'नुसता आयपॅड चालेल का' वाचून मला उत्तर लिहायला बसावंच लागलं, कारण हे वाक्य मी घरातच फार ऐकलंय.

आमच्या दिरांचा सांगलीत छापखाना आहे. मी पुण्यात बसून त्यांच्याकडच्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रूफं वाचते. पूर्वी कागदांचे गठ्ठे कुरिअरने यायचे. ते बंद करून मी पीडीएफ मागवायला लागले आणि आयपॅडवर पेन्सिलने खुणा करून परत पाठवायला लागले, तेव्हापासून भाऊजींचं एकच पालुपद: "वहिनी, तो मोठा मोबाइल आहे हो. पोरांना कार्टून दाखवायला ठीक." लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोरही म्हणून झालंय.

आता दरवर्षी ही नवी अपडेटं येतात सप्टेंबरात, म्हणजे नेमकी आमच्या हंगामात. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, त्यामुळे नवरात्र संपेपर्यंत फर्मे (एकत्र छापायच्या पानांचे संच) छपाईला गेलेच पाहिजेत अशी घाई. त्या धांदलीत छापखान्यातल्या ऑपरेटर पोराने एका रात्री कामाच्या मॅकवर टाहो टाकून दिलं. का, तर नवीन आलंय. सकाळी फॉन्ट सांभाळणारं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. कोणाचं ते सांगत नाही, या धंद्यातल्यांना अंदाज येईल. आमच्याकडचा बराच मजकूर अजून युनिकोडच्या (कुठल्याही फॉन्टात मराठी मराठीच राहते त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत आहे आणि ते फॉन्ट त्या सॉफ्टवेअरच्याच कुलपात. असा फॉन्ट गेला की मराठीच जाते, कारण फाइलीत मुळात रोमन खुणाच असतात, देवनागरीचा चेहरा त्यांना फॉन्ट देतो. तर इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पानंच्या पानं गुलाबी पट्ट्यांखाली, आणि कथा, कविता, संपादकीय, सगळ्याची इंग्रजी अक्षरांत भेळ.

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, आज काम बंद."

म्हटलं, "तुमचं बंद. माझं चालू आहे."

आदल्या दिवशी आलेली पीडीएफ माझ्याकडे होती आणि पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला असतो. त्यात मराठी शब्द शोधता येत नाही, पण वाचायला अक्षर न् अक्षर नीट दिसतं. काना-मात्रा, वेलांट्या, 'दर्या'चं 'दऱ्या' झालेलं, सगळं. आणि आयपॅडवर मी २६ घेतलेलं होतं, तेही विचार करून. डावीकडे प्रूफ, उजवीकडे लेखकाची मूळ प्रत, खाली कोपऱ्यात संपादकांच्या सूचनांची चिंचोळी खिडकी. कोपरा ओढून खिडकी हवी तेवढी करायची, कडेला झटकली की तिथे बसते. वरून बोट ओढलं की मॅकसारखी मेनूपट्टी येते. अंकाचा अख्खा फोल्डर मी डॉकमध्ये ठेवला होता. मॅकवरचं प्रीव्ह्यू या आवृत्तीपासून आयपॅडवरही आलंय, आणि अमुक जातीची फाइल अमुक ॲपमध्येच उघड हे एकदा सांगून ठेवता येतं. लहान वाटेल, पण दिवसभर पीडीएफच उघडणाऱ्या माणसाला हे आणखी आधीच मिळायला हवं होतं. खुणा केलेले फर्मे संध्याकाळच्या आत सांगलीला गेले.

करेक्शनं बसली छापखान्यात कोपऱ्यात पडलेल्या २०१९च्या आयमॅकवर. इंटेल चिपच्या जुन्या मॅकपैकी चारच मॉडेलांना टाहो चालतं, त्यांत हा बसत नाही, म्हणून तो पोराच्या हातून वाचला होता. अंक वेळेवर निघाला. यावर भाऊजी काय म्हणाले? "बघा वहिनी, शेवटी काम कॉम्प्युटरवरच झालं." आणि खुणा काय आकाशातून पडल्या?

तर माझं मत: वाचणं, तपासणं, टिपणं, पत्रव्यवहार, मीटिंगा, मुलांचा अभ्यास, एवढ्याला आता नुसता आयपॅड चालतो. २६च्या आधी मी हे इतक्या ठामपणे म्हटलं नसतं. पानं लावणं, हिशेबाची डेस्कटॉप सॉफ्टवेअरं, कोडिंग असेल तर लॅपटॉप घ्या, वाद नको. तुम्ही काम काय करता ते प्रश्नात लिहिलेलं नाही, त्यामुळे यापुढे मला सांगता येत नाही.

कौतुक झालं, आता एक राग. आयपॅडच्या २६.०मध्ये स्प्लिट व्ह्यू (दोन ॲप शेजारी-शेजारी) आणि स्लाइड ओव्हर (एका ॲपवर तरंगणारं दुसरं) दोन्ही काढून टाकली. २०१५पासून लोकांच्या बोटांना लागलेली सवय. मग आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरात २६.१मध्ये स्लाइड ओव्हर परत दिलं. याला मी सुधारणा म्हणत नाही. नव्या खिडक्या जास्त चांगल्या आहेत हे खरं असूनही म्हणत नाही.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: माझा आयपॅड एम चिपचा, म्हणजे ॲपलच्या मॅकमध्येही असते त्या ताकदीच्या चिपचा आहे. साध्या आयपॅडमध्ये आठव्या पिढीपासून पुढे २६ मिळतं, सातव्याला नाही. जुन्या आयपॅडवर खिडक्या उघडतात, पण एका वेळी कमी. शिवाय आयपॅडवर मागे फिरणं जवळपास नसतंच, जुनी आवृत्ती ॲपलने साइन करणं, म्हणजे ती टाकायला मंजुरी देणं, थांबवलं की दार बंद. काचेने डोळे दुखत असतील तर ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' चालू करा, २६.१पासून 'टिंटेड' हा पर्यायही आहे, तो वाचणाऱ्यांसाठी बरा.

छापखानेवाल्यांसाठी वेगळं. टाहो हे इंटेल मॅकसाठी शेवटचं, आणि एम चिपवर इंटेलची जुनी सॉफ्टवेअरं चालवणारं रोझेटा मॅकओएस २७पर्यंतच पूर्ण मिळेल असं ॲपलने सांगून टाकलंय. म्हणजे कोपऱ्यातल्या आयमॅकच्या आणि कुलपातल्या फॉन्टांच्या भरवशावर फार हंगाम निघणार नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, हे मी भाऊजींना कितीदा तरी सांगितलं. पण सांगणारी पडली मोठ्या मोबाइलवाली. पुढच्या अंकाचा मजकूर युनिकोडमध्ये आला नाही तर प्रूफं कागदावर छापून त्यांनी स्वतः वाचावीत, असं मी त्यांना कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.