ताईला पोलिओ आहे आणि खांद्याचं ऑपरेशन ठरलंय. नंतरचे काही आठवडे तिला रिहॅबमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, कसं ठेवता येईल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ताईचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले, सगळं आयुष्य कॅलिपर (पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि कुबड्यांवर काढलं, आता उजव्या खांद्याचा स्नायू फाटलाय. सर्जन म्हणतात, दुसऱ्या दिवशी घरी न्या. घरी सत्तरीची आई, पुण्यातला दुसरा मजला, लिफ्ट नाही.

मीही कुबड्यांवरची आणि खांदा शिवून घेतलेली, म्हणून लिहिते.

सर्जन खोटं सांगत नाहीत. बाकीच्यांसाठी ते नुसतं खांद्याचं ऑपरेशन असतं. हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यातल्या झोळीत, अडकवायचा आणि चालत घरी जायचं. आपण चालतो तेच खांद्यांवर. साधारण सहा आठवडे स्लिंग, आणि त्या हातावर अंगाचा भार टाकायला त्यानंतरही बरेच आठवडे मनाई. म्हणजे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून कमोडवर, काहीच एकटीने जमणार नाही. त्यामुळे ऑपरेशनची तारीख नंतर घ्या, आधी रिहॅबचा बेड पक्का करा. उलट केलंत तर डिस्चार्जच्या दुपारी फोन फिरवत बसाल आणि जिथे जागा मिळेल तिथे जावं लागेल.

पहिलं काम, सर्जनकडून पत्र. ‘पोलिओ पेशंट, रिहॅब हवं’ एवढ्याने भागत नाही. दोन्ही पायांत ताकद नाही, शरीराचा भार हातच घेतात, ऑपरेशननंतर उजव्या हातावर अमुक आठवडे भार नको, म्हणून सुरक्षित ट्रान्सफरसाठी (पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून कमोडवर हलवण्यासाठी) प्रशिक्षित माणूस चोवीस तास लागेल, असं स्पष्ट लिहून घ्या. हे पत्र घेऊन फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनच्या डॉक्टरांना भेटा. फिजिओथेरपिस्ट वेगळे, हे वेगळे. मुंबईत हाजी अलीला याच विषयाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे वॉर्डही आहे आणि कॅलिपर बनवणारी कार्यशाळाही. बेड मिळेलच असं धरून चालू नका, पण ओपीडीत एकदा दाखवून ठेवा.

खासगी रिहॅब सेंटरना आधी विचारा की तुमच्याकडे बहुतेक पेशंट कसले. उत्तर बहुधा पक्षाघाताचे असं येईल. तिथला स्टाफ पेशंटला एका हाताने सगळं करायला शिकवू शकतो, पण ते चांगल्या पायाच्या भरवशावर. उभं करा, वळवा, बसवा. ताईच्या बाबतीत हे लागू नाही. तिला ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे पलंग आणि खुर्चीमध्ये टेकवून वरून सरकायची फळी, लागेल, आणि पलंग व खुर्ची एका उंचीला लागतील. ‘बोर्ड वापरता का?’ या एका प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर पुढचं सेंटर बघा. मी एका ठिकाणी फक्त बाथरूमचा उंबरठा पाहून परत फिरले होते. फोटोंवर जाऊ नका, खुर्चीची रुंदी मोजून टेप घेऊनच जा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २५ मध्ये खासगी दवाखान्यांतही अडथळामुक्त वावर अपेक्षित आहे. भांडायला नाही, पण व्यवस्थापकाशी बोलताना उपयोगी पडतो.

स्टाफला पहिल्याच दिवशी लेखी द्या: काखेत हात घालून उचलायचं नाही. सवयीने सगळे तसंच उचलतात आणि शिवलेला खांदा त्यातच उसवतो. दुसरं, पोलिओत संवेदना शाबूत असते. ताई ‘दुखतंय’ म्हणाली तर खरंच दुखतंय. तिसरं, ‘जितका व्यायाम तितकं बरं’ हे पोलिओच्या स्नायूंना चालत नाही, थकवा आला की थांबायचं.

भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी वेगळं भेटा. पोलिओ झालेल्यांना गुंगीची आणि स्नायू शिथिल करणारी औषधं जास्त लागू पडू शकतात. शिवाय खांद्यासाठी मानेजवळ ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, देतात, त्याने त्या बाजूचं श्वासपटल काही तास मंदावू शकतं. ताईच्या पाठीला बाक असेल तर फुफ्फुसांची तपासणी आधीच करून घ्या.

खुर्चीचं म्हणाल तर साधी व्हीलचेअर एका हाताने ढकलली की गोल फिरते. मोटारची खुर्ची भाड्याने घ्या आणि जॉयस्टिक डावीकडे बसवून मागा. बहुतेकदा ती उजवीकडे असते. ऑपरेशनच्या आधीपासूनच घरात डाव्या हाताने बोर्डवर सरकण्याचा, जेवण्याचा, कमोड वापरण्याचा सराव सुरू करा. कुठे अडतंय ते तेव्हाच कळतं.

आता पैसे. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळण्यांत ‘रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर’ असं कलम असतं, म्हणून रिहॅबचा बेड बहुधा खिशातूनच जाणार असं धरा. मात्र ऑपरेशननंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च पॉलिसीत असतो, बऱ्याचदा ६० किंवा ९० दिवस. डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात बसते का, हे टीपीएला (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीला) ईमेलवर विचारा. तोंडी ‘हो’ला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

सेंटर सोडण्याच्या आधीचा आठवडा घरी येणाऱ्या बाईसाठी राखा. घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून जी मावशी ठरवाल तिला रोज तिथे बोलवा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टच्या) देखरेखीखाली ताईला तिच्याच हातून बोर्डवर सरकवून घ्या. आईंनी फक्त बघायचं. त्यांनी एकदा जरी ताईला उचललं, तरी एका घरात दोन पेशंट होतील.