गावातल्या पोरांच्या बँडचं पोस्टर आणि पहिल्या गाण्याचा व्हिडिओ कमी पैशांत कसा करावा?

प्रश्न थोडक्यात असा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एका गावात पाच पोरांचा बँड आहे. ऑर्गन, पॅड, ढोलकी, गिटार आणि एक गाणारा. रोवणीवरचं, म्हणजे भातलावणीवरचं, स्वतःचं पहिलं गाणं रेकॉर्ड होऊन तयार आहे. हाताशी वीस हजार रुपये आहेत आणि त्यात फ्लेक्स, कव्हर, यूट्यूबचा व्हिडिओ असं सगळं बसवायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

मी ब्रह्मपुरीकडे पत्रिका-फ्लेक्सचं डिझाईन आणि लग्नाचं शूटिंग करतो. त्यामुळे जे सांगतो ते आपल्या भागातल्या दुकानांचं, आपल्या पावसाचं आणि आपल्या बजेटचं आहे.

भाऊ, कॅमेरा कोणाचा आणायचा हे शेवटी बघू. आधी गाण्यातलं एक चित्र ठरवा. एकच. फ्लेक्स, कव्हर, थंबनेल आणि व्हिडिओतला मुख्य शॉट, सगळं त्या एका चित्रातून निघालं पाहिजे. बस स्टँडवर फ्लेक्स पाहिलेल्या माणसाला रात्री मोबाईलवर थंबनेल दिसलं की "अरे, हे तेच पोट्टे" असं वाटलं पाहिजे. पहिल्या गाण्याला जाहिरातीकडून एवढंच काम करून घ्यायचं असतं.

आपल्याकडे बँडचं पोस्टर म्हटलं की डोळ्यांसमोर झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाचं पोस्टर येतं. वर फुगीर अक्षरांत नाटकाचं नाव, खाली गोलांमध्ये दहा-बारा कलावंतांचे फोटो, कोपऱ्यात आयोजक मंडळ. शहरातले डिझायनर त्याला नावं ठेवतात. मी ठेवणार नाही, कारण ते पोस्टर आपलं काम चोख करतं. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटांचा (बैलांच्या शर्यतींचा) हंगाम लागला की एकाच रात्री आजूबाजूच्या गावांत तीन-तीन नाटकं असतात, आणि कोणत्या गावाला जायचं हे लोक चेहरे पाहून ठरवतात. वडशाच्या नाटक कंपन्यांचे कलावंत घराघरांत ओळखीचे आहेत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना तर २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथे चेहरा हीच जाहिरात असते. तुम्हाला अजून तुमच्या गावाबाहेर कोणी ओळखत नाही. मग पाच पासपोर्ट फोटो ओळीनं लावून लोकांना काय कळणार? कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आहे असं समजून पुढे निघून जातील.

रोवणीच्या गाण्यासाठी मला सुचलेलं चित्र सांगतो. पटलं तर घ्या. गाणारा बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पाठमोरा उभा आहे, पाय पोटरीपर्यंत चिखलात, एका खांद्यावर पऱ्ह्याची (भाताच्या रोपांची) पेंडी आणि दुसऱ्या खांद्याला अडकवलेली ढोलकी. पेंडीचे शेंडे आणि ढोलकीचा गोल, दोन्ही आकार लांबूनही ओळखू येतात. ढोलकी मात्र जुनी, फुटकी घ्या. चालू ढोलकीचं पान भिजलं की ती उतरते आणि मग दिवसभर वाजवणारा तुमच्याकडे रागानं बघत बसतो.

फोटो काढताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. जुलैचं आभाळ पांढरंफट असतं आणि फोटोवाला बांधीत खाली बसून वर बघत फोटो काढतो. मागे पांढरं आभाळ, पुढे माणूस काळा ठिक्कर. त्याऐवजी धुऱ्यावर (बांधावर) उभे राहा, जमलं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढा आणि खाली बघून फोटो घ्या. आभाळ फ्रेममधून जातं आणि मागे सगळं हिरवं-मातकट राहतं. ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पडतो, अंगावर कडक सावल्या येत नाहीत. मोबाईलवर माणसावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेड थोडा कमी करा. हा फोटो व्हिडिओच्या शूटिंगच्याच दिवशी, त्याच कपड्यांत काढा. नंतर व्हिडिओतून फ्रेम काढून मोठा फ्लेक्स करायला जाल तर चित्र फाटतं, म्हणजे चौकोन-चौकोन दिसतं, कारण चालत्या व्हिडिओच्या फ्रेममध्ये फोटोएवढा तपशील नसतो.

आता अक्षरं. बँडचं नाव आणि गाण्याचं नाव, बस्स. एक जाड फाँट घ्या. मुक्त (Mukta), बलू (Baloo), खंड (Khand), मोदक (Modak) हे गूगल फाँट्सवर फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळे आहेत. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळी फार जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. लाल अक्षरांना पिवळी कडा, तिला काळी सावली, वर चमक, हे सगळं एकदम लावू नका. डिझाईन झालं की मोबाईलवर नखाएवढं करून हातभर अंतरावरून बघा. नाव वाचता आलं तर पुढे जा.

दुकानातली भानगड वेगळीच. बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे जुनं कोरलड्रॉ असतं आणि त्यांची मराठी जुन्या फाँटांवर चालते. तुम्ही मोबाईलवरून युनिकोड मराठी पाठवली की तिथे जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. म्हणून मजकूर त्यांना टाइप करायला देऊ नका. इंकस्केप हे डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठी नीट जोडतं. त्यात अक्षरांचे आकार करून, म्हणजे मजकूर पाथमध्ये बदलून, पीडीएफ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबली जाते, ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला खऱ्या मापात ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) पुरतं, कारण तो कोणी नाक लावून बघत नाही. जवळून वाचायचं पॉम्प्लेट असेल तर मात्र ३०० धरा.

आणि रंग! मोबाईलवर पऱ्ह्याचा जो पोपटी हिरवा झळाळतो तो छापताना हमखास मरतो. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, छपाई चार शाईंनी करते, आणि तो हिरवा त्या चार शाईंच्या आवाक्यात नाही. म्हणून फ्लेक्स हिरव्याच्या जिवावर उभा करू नका. मातीचा तपकिरी आणि अक्षरांना हळदीसारखा पिवळा घेतला तर छापल्यावरही टिकतो. मागची जमीन नुसती भगवी किंवा नुसती निळी ठेवली तर लोक आधी पक्ष नाहीतर जयंती शोधतील, गाणं नाही.

कृषी केंद्रवाले काका किंवा सरपंचसाहेब चार-पाच हजार देतील आणि फ्लेक्सवर फोटो मागतील. पैसे घ्या. खाली आठवा भाग पट्टी करून त्यात त्यांचा फोटो आणि बुकिंगचा नंबर टाका, आणि हे छापायच्या आधीच ठरवून घ्या. ही पट्टी फक्त फ्लेक्सवर. स्पॉटिफाय वगैरेंवर जे कव्हर जातं ते चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलचं असतं आणि त्यावर फोन नंबर किंवा लिंक दिसली की ते परत येतं. यूट्यूबचं थंबनेल १२८० बाय ७२०. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गाण्याची वेळ दिसते, तिथे नाव ठेवलं तर शेवटची अक्षरं झाकली जातात.

व्हिडिओकडे वळू. गाण्याची फायनल फाईल हातात आल्याशिवाय शूट लावू नका. "मिक्सिंग बाकी आहे, पण टेम्पो तोच राहील" असं स्टुडिओवाला म्हणेल. थांबा. मधलं एक कडवं चार सेकंदांनी हललं तरी ओठ जुळवता जुळवता एडिटरचा जीव जातो.

शूटच्या वेळी बांधीच्या धुऱ्यावर मोठा स्पीकर ठेवून गाणं वाजवा आणि गाणाऱ्याला खरंच मोठ्यानं गाऊ द्या. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत आणि ते दिसतं. ढोलकीवाल्यानंही खरंच वाजवावं. आपल्याकडे बघणाऱ्यांपैकी निम्मे भजनात नाहीतर दंडारीत (आपल्याकडच्या लोकनाट्यात) वाजवून आलेले असतात, खोटी थाप त्यांना लगेच कळते. मोबाईलमध्ये स्पीकरचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत त्या आवाजावरून फायनल गाणं जुळवता येतं. मोबाईलचा स्वतःचा कॅमेरा फ्रेमचा वेग मधेच कमी-जास्त करतो आणि त्यामुळे ओठ सरकतात. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात सेकंदाला २५ फ्रेम पक्के करून टाका. गाणं पूर्ण एकदा वाइड, पूर्ण एकदा जवळून, आणि एकदा फक्त हात. एवढं नीट झालं तर निम्मा व्हिडिओ झाला.

एक युक्ती मात्र जरूर करा, फुकट आहे आणि उठून दिसते. स्पीकरवर गाणं दुप्पट वेगानं लावा, गाणाऱ्यानं त्या वेगानं गायचं, आणि शूट ५० फ्रेमवर करायचं. एडिटमध्ये ते अर्ध्या वेगावर आणलं की ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात, पण पाऊस, चिखल आणि ओले केस सगळं सावकाश पडतं. शूटच्या वेळी हे बघायला गाव जमेल आणि हसेल; गाणाऱ्याला दोन-तीन दिवस आधी घरी सराव करायला लावा.

रात्रीचा एखादा भाग घेणार असाल, मंडपात किंवा चौकात, तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि शटर त्याच्याशी जुळलं नाही की एलईडीखाली व्हिडिओत काळे पट्टे धावतात. दिवसा त्याची काळजी नाही.

रोवणी करणाऱ्या बायांना फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारा, शेतमालकाला नाही, त्यांना. रोवणी बरेचदा ठेक्यानं, म्हणजे कंत्राटावर, असते. तुमच्या शॉटसाठी त्या अर्धा तास थांबल्या तर तो अर्धा तास त्यांच्या पोटाचा जातो. थांबवलं तर रोजी द्या. न थांबवता, त्यांच्या ओळीच्या बाजूनं मागे-मागे सरकत शूट केलं तर जास्त चांगलं येतं. रोवणी करताना त्या मागेच सरकतात, कॅमेराही त्याच लयीत मागे जातो आणि पुढे रोवलेल्या ओळी वाढत जातात. ट्रॅक्टर चिखलणी करत असेल तर त्याच्या केजव्हीलपासून (लोखंडी चाकांपासून) लांब राहा. चिखलात पाय पटकन निघत नाही.

ड्रोन सगळ्यांनाच पाहिजे असतो. माझं मत: या गाण्याला गरज नाही. तरी लावायचाच असेल तर ड्रोन नियम २०२१ सालचे आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशात तुमचा भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते बघा. सिंदेवाहीकडून ताडोबाचं बफर काही लांब नाही. जंगलाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवू नका. आणि संध्याकाळचा सोनेरी उजेड जंगलाच्या कडेला छान मिळतो हे मलाही माहीत आहे. पण सिंदेवाही-ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात वाघ त्याच वेळी फिरतो. तो शॉट सकाळी आठनंतर गावाजवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर घ्या.

एडिटबद्दल फार सांगत नाही, एवढंच की पहिल्या पाच सेकंदांत लोगो, तीन मंडळांचे आभार आणि "सादर करीत आहे" नको. पहिलीच फ्रेम पोस्टरवालं चित्र असू द्या. आभार शेवटी. त्याच शूटमधून तीस-चाळीस सेकंदांचा उभा तुकडाही काढा, ९ बाय १६ मध्ये. त्यासाठी शूट करतानाच माणूस मधोमध ठेवा, नाहीतर उभं कापताना ढोलकी जाते.

शूट रोवणीत करा, पण गाणं रोवणीत सोडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांच्यासाठी ते आहे त्यांचे हात चिखलात असतात. पोळा झाला, तान्हा पोळा झाला की सोडा. गणपती आणि नवरात्रातली मंडळं तेव्हाच कार्यक्रम ठरवत असतात, आणि मागोमाग मंडईचे आयोजक विचारायला लागतात.

वीस हजारांचं म्हणाल तर निम्मे व्हिडिओवर घाला: चांगला मोबाईल किंवा कॅमेरा एका दिवसाच्या भाड्यानं, सोबत तो चालवणारा माणूस, सगळ्यांचं जेवण आणि बायांची रोजी. चार हजार एडिट करणाऱ्याला, आणि पैसे देण्याआधी मूळ फुटेज पेनड्राइव्हवर मागून घ्या. फ्लेक्स दोनच लावा, एक गावात आणि एक सिंदेवाहीत, जागेची परवानगी ग्रामपंचायत-नगरपंचायतीकडून घेऊन. जे उरेल ते यूट्यूबच्या जाहिरातीत न घालता पुढच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी ठेवा.