भाड्याची गाडी घेताय? आधी काटा बघा

भावा, पहिल्यांदाच सेल्फ ड्राइव्ह घेतोयस, म्हणून सांगतो. गाडी ताब्यात घेताना इंधनाचा काटा आणि किलोमीटर एकाच फोटोत घे, तेही मालकासमोर. मी एकदा घेतला नव्हता. गाडी पाऊण टाकीवर मिळाली होती, परत देताना 'फुल्ल दिली होती' म्हणून माझ्याकडून पैसे काढले. बोलून काही उपयोग झाला नाही.

करार 'फुल्ल टू फुल्ल' (भरलेली टाकी घ्यायची, भरूनच परत द्यायची) असेल तर उत्तम. नाहीतर जेवढी मिळाली तेवढीच भरून दे. उरलेल्या पेट्रोलचे पैसे सहसा कुणी परत देत नाही.

पन्हाळ्याला जाणार म्हणालास ना? चढाला इंजिन रडवू नको, वेळेवर खालचा गिअर टाक. उतरताना मात्र आपली जुनी खोड सोड: न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरने इंधन सोडणाऱ्या) गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. शिवाय ब्रेक तापून घाटात धोका, तो वेगळाच.

निघण्याआधी चारही टायरची हवा बघ. दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो. भाड्याच्या गाडीची हवा कोण बघतंय!

कर्नाटकात पेट्रोल स्वस्त मिळेल म्हणून मुद्दाम सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत पळू नको. निपाणीकडे जाणारच असशील, तर दोन्हीकडचे दर बघून भर.

आणि कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडला गाडी घालूच नको. लांब लाव, चालत जा.